अपग्रेड परवान्यावर विंडोज कोऱ्या डिस्कवर टाकण्यापूर्वीची तयारी

अपग्रेडचा परवाना हा स्वतंत्र परवाना नसतो. तो आधीच्या परवान्याच्या आधारावर उभा असतो. संगणकावर पात्र ठरणारी जुनी विंडोज होती, म्हणून नवी विंडोज वापरण्याचा हक्क मिळाला, असा तो व्यवहार आहे. डिस्क कोरी करून विंडोज टाकायची म्हणजे या हक्काचा डिस्कवरचा पुरावा आपल्याच हाताने पुसायचा. म्हणून तयारीची सुरुवात बॅकअपपासून नव्हे, तर हा पुरावा डिस्कच्या बाहेर कुठे नोंदलेला आहे याची खात्री करण्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

विंडोज ७ च्या काळात ही अडचण फार ठळकपणे दिसत असे. अपग्रेडच्या डीव्हीडीवरून संगणक बूट करून, डिस्क फॉरमॅट करून विंडोज टाकली, की इन्स्टॉलेशन विनातक्रार पूर्ण होई, पण ॲक्टिव्हेशनच्या, म्हणजे परवाना खरा असल्याच्या पडताळणीच्या, वेळी ‘0xC004F061’ हा एरर येई. ही प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, केवळ अपग्रेडसाठी आहे, नव्या इन्स्टॉलेशनसाठी नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी अनेक जण की न देता एकदा विंडोज टाकत, आणि मग त्याच विंडोजमधून सेटअप पुन्हा चालवून तिच्यावरच अपग्रेड करत. जुना एक्सपीचा किंवा व्हिस्टाचा खरा परवाना हाती असणे मात्र तेव्हाही आवश्यकच होते.

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली आणि पद्धत बदलली. जुन्या विंडोजवरून अपग्रेड करून ॲक्टिव्हेशन झाले, की त्या संगणकाच्या हार्डवेअरची खूण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. पुढे त्याच संगणकावर तीच आवृत्ती (होम असो वा प्रो) कितीही वेळा कोऱ्या डिस्कवर टाकली, तरी इंटरनेट मिळताच ती ॲक्टिव्हेट होते. यातून निघणारा क्रम मोडू नये: आधी आहे त्या विंडोजवर रीतसर अपग्रेड करावे, ॲक्टिव्हेशन झाल्याचे डोळ्यांनी पाहावे, आणि मगच डिस्क पुसावी. विंडोज ७ किंवा ८ ची की थेट नव्या विंडोजला देऊन काम भागवण्याचा मार्ग बरीच वर्षे चालत होता, परंतु मायक्रोसॉफ्टने तो सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले. जुन्या लेखांतला तो सल्ला आता धरून चालू नये.

खात्री करण्यासाठी सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनचे पान उघडावे. तिथे विंडोज डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट झाली आहे असे लिहिलेले असावे, आणि ते लायसन्स आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले असल्याचा उल्लेख असेल तर अधिक चांगले, कारण पुढे हार्डवेअर बदलल्यावर ॲक्टिव्हेशन अडले तर ट्रबलशूटरमधून ते सोडवण्याचा मार्ग या जोडणीमुळेच खुला राहतो. मदरबोर्ड बदलायचा विचार असेल, तर ही जोडणी त्यापूर्वीच करावी. याच पानावर आवृत्ती होम आहे की प्रो, हे पाहून कागदावर लिहून ठेवावे. होमचा हक्क असताना प्रो टाकली, तर ती ॲक्टिव्हेट होणार नाही. ३२ बिट की ६४ बिट, याने परवान्यात फरक पडत नाही. या पानाचा फोनने फोटो काढून ठेवावा, आणि विकत घेतलेली प्रॉडक्ट की असल्यास पावती व जुन्या विंडोजची कीही जपून ठेवावी.

यानंतर बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. पुष्कळ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन करताच डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पना नसते. आपण केवळ सी ड्राइव्ह पुसला, तरी डी ड्राइव्ह नव्या विंडोजमध्ये कुलूपबंद दिसतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की आधीच शोधून, दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवावी, किंवा एन्क्रिप्शन काढून टाकून ते पूर्ण होईपर्यंत थांबावे.

बॅकअपबद्दल सगळेच सांगतात, म्हणून विसरल्या जाणाऱ्या जागाच सांगतो. ॲपडेटा हा लपवलेला फोल्डर, आउटलुकच्या ईमेल साठवणाऱ्या पीएसटी फायली, स्वतः टाकलेले फॉन्ट, ब्राउझरमधील पासवर्ड, आणि वनड्राइव्हमधील ज्या फायली केवळ नावापुरत्या संगणकावर दिसतात पण प्रत्यक्षात उतरवलेल्या नसतात, त्या. ज्या विकतच्या सॉफ्टवेअरना ठरावीक संगणकांचीच मर्यादा असते, ती आधी डीॲक्टिव्हेट करावीत. कॉपी झाल्यावर बॅकअपमधील चार-पाच फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. कॉपी झाल्याचा संदेश हा फाइल उघडते याचा पुरावा नव्हे.

पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तो तयार होताना त्यावरचे सर्व काही पुसले जाते. डिस्कला हात लावण्यापूर्वी त्यावरून संगणक एकदा बूट करून सेटअपचा पहिला पडदा येतो का, आणि डिस्क निवडण्याच्या पानावर आपली डिस्क दिसते का, हे पाहून बाहेर पडावे. इंटेलच्या व्हीएमडी या स्टोरेज हाताळणाऱ्या व्यवस्थेवर चालणाऱ्या काही संगणकांत तिथे डिस्क दिसतच नाही, आणि स्टोरेजचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. तो ड्रायव्हर व वायफायचा ड्रायव्हर, दोन्ही संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून, अनझिप करून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवावेत. विंडोज ११ होमच्या सेटअपला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते, त्यामुळे वायफाय नसले तर काम मधेच थांबते. खात्याचा पासवर्ड पाठ असावा आणि पडताळणीचा कोड येणारा फोन जवळ असावा.

डेस्कटॉपमध्ये एकाहून अधिक डिस्क असतील, तर ज्या डिस्कवर विंडोज टाकायची नाही तिची केबल काढून ठेवावी. यामुळे चुकीची डिस्क पुसण्याचा धोका टळतोच, शिवाय दुसऱ्या डिस्कवर आधीपासून असलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फायलींसाठी राखलेल्या भागात, सेटअपने बूटच्या फायली टाकण्याचा प्रकारही होत नाही. तसे झाले, तर पुढे ती दुसरी डिस्क काढताच संगणक सुरू होईनासा होतो.

सेटअपने की विचारली, तर आपल्याकडे की नाही हा पर्याय निवडावा आणि कागदावर लिहिलेली आवृत्ती द्यावी. विंडोज सुरू होऊन इंटरनेट जोडल्यावर, बाकी काहीही टाकण्यापूर्वी, ॲक्टिव्हेशनचे पान उघडून आधी काढलेल्या फोटोशी ताडून पाहावे.