आल्प्स पार करून सुट्टीला गाडीने जाताय? मग आधी शनिवार टाळा

जर्मनीत राहणारे आपले बरेच लोक उन्हाळ्यात गाडी काढून इटली नाहीतर क्रोएशियाला जातात, आम्हीही जातो, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच की किती वाजता निघालो तर जॅम लागणार नाही. वाजायचं नंतर बघू हो, आधी वार कुठला ते सांगा. खरं म्हणजे तुम्ही घर बुक करता तेव्हाच जॅमचं अर्धं ठरून जातं. समुद्राकाठची अपार्टमेंट्स सीझनमध्ये बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने देतात, म्हणजे एक लोंढा शनिवारी सकाळी दक्षिणेला निघतो, दुसरा त्याच दिवशी चेकआउट करून घरी परत निघतो, आणि मधल्या डोंगरातून जायला मोठे रस्ते मोजकेच, ऑस्ट्रियातून ब्रेनर आणि टाउअर्न, स्वित्झर्लंडमधून गोटहार्ड.

म्हणून बुकिंग करतानाच मालकाला सरळ विचारा की मंगळवार ते मंगळवार किंवा बुधवार ते बुधवार देता का. मे, जून, सप्टेंबरमध्ये बरेच जण देतात, जुलै-ऑगस्टमध्ये कमी देतात पण विचारायला काय जातंय. हॉटेल आणि कॅम्पिंगवाल्यांकडे वाराचं एवढं बंधन नसतं. मंगळवार ते गुरुवार हे प्रवासाचे सगळ्यात मोकळे दिवस, शुक्रवारची दुपार आणि शनिवारची सकाळ ते दुपार सगळ्यात वाईट, रविवारी संध्याकाळी परतणारे.

दुसरी गोष्ट शाळांच्या सुट्ट्यांची. जर्मनीत प्रत्येक राज्याच्या उन्हाळी सुट्ट्या वेगवेगळ्या तारखांना सुरू होतात, नेदरलँड्समध्येही देशाचे तीन भाग करून तसंच करतात. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबेर्गची सुट्टी सगळ्यात शेवटी लागते, ती साधारण जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. तर नुसती आपल्या शाळेची तारीख बघून उपयोग नाही, त्याच शनिवारी अजून कोणाकोणाची सुट्टी सुरू होतेय किंवा संपतेय ते कॅलेंडरवर मांडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. जुलैचा शेवट आणि ऑगस्टची सुरुवात हा काळ तर हात जोडून सोडून द्या, त्याच वेळी फ्रान्समध्येही जुलैवाले परत येत असतात आणि ऑगस्टवाले निघत असतात. फ्रान्समधून जाणार असाल तर तिथली बिझॉं फ्युते ही सरकारी सेवा प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा असा रंग देते, काळा दिसला की निघायचंच नाही. जर्मनीत एडीएसी हा गाडीवाल्यांचा क्लब सुट्टीच्या वीकेंडच्या आधी जॅमचा अंदाज टाकतो, तो मी दरवेळी बघते.

आता समजा घर शनिवारचंच मिळालं, पर्यायच नाही. मग मधे एक मुक्काम करा, आणि तो कुठे करायचा हे महत्त्वाचं. फ्रँकफर्टहून क्रोएशियातल्या इस्त्रियाचा किनारा ९०० किलोमीटरच्या वर आहे, लोक म्युनिकच्या आसपास मुक्काम करतात आणि शनिवारी सकाळी उठून बरोबर त्याच गर्दीत घुसतात. त्यापेक्षा गुरुवारी निघा किंवा शुक्रवारी अगदी पहाटे, डोंगर ओलांडून पलीकडे जाऊन झोपा, क्रोएशियासाठी ऑस्ट्रियातल्या फिलाखच्या बाजूला आणि इटलीतल्या गार्डा लेकसाठी ब्रिक्सेनच्या बाजूला. शनिवारी उरतो तो छोटा पल्ला, तो आरामात गाठता येतो. आम्ही एकदा हे न करता शनिवारी सकाळी निघालो होतो, बोगद्याच्या अलीकडे उन्हात तासनतास गाडी इंचाइंचाने सरकत होती आणि मागे धाकटी रडून रडून झोपली, ते मला अजून आठवतं. तेव्हापासून मुक्कामाचे पैसे मला कधीच जास्त वाटले नाहीत.

रात्रभर गाडी चालवून पोचायचं हा सल्लाही खूप जण देतात. रस्ता मोकळा मिळतो हे खरं, पण दिवसभर ऑफिस करून, बॅगा भरून रात्री दहाला स्टिअरिंगवर बसणं मला पटत नाही, मागे पोरं झोपलेली असतात हो. करायचंच असेल तर संध्याकाळी सहा-सात तास झोप काढून पहाटे तीनला निघा आणि चालवणारे दोघं असू द्या.

गोटहार्डचं वेगळं सांगते. तो बोगदा १९८० चा, जवळजवळ १७ किलोमीटरचा, एकच नळी आणि येण्याजाण्याला एकेक लेन, दुसऱ्या नळीचं काम चालू आहे. तिथे रांगेचा हिशोब सोपा, एक किलोमीटरला साधारण दहा मिनिटं, म्हणजे १० किलोमीटरची रांग दाखवत असेल तर दीड तासाच्या वरच धरा. अशा वेळी स्वित्झर्लंडमधलाच सान बेर्नार्दिनोचा दुसरा रस्ता बघा, पण रांगेत शिरायच्या खूप आधी, कारण फाटा मागेच राहतो. ब्रेनरवर २०२५ पासून लुएग पुलापाशी एरवी एकेकच लेन चालू असते आणि गर्दीच्या दिवशी दोन उघडतात, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री आस्फिनाग या ऑस्ट्रियाच्या हायवे कंपनीच्या अ‍ॅपवर एकदा नजर टाका. गार्डाच्या उत्तर टोकाला, म्हणजे रिवा किंवा तोर्बोलेला जाणार असाल तर हायवेवरून रोव्हेरेतो सुदच्या एक्झिटलाच उतरा, पुढच्या आफीच्या एक्झिटपर्यंत जाऊ नका.

गूगल मॅप्स जॅम बघून गावातला रस्ता सुचवतं, तिकडे वळायचा मोह होतोच. टिरोलमध्ये, म्हणजे ब्रेनरच्या वाटेवरच्या ऑस्ट्रियाच्या राज्यात, मात्र २०१९ पासून गर्दीच्या सीझनच्या वीकेंडला नुसतं पुढे जाणाऱ्या गाड्यांना ऑटोबान, म्हणजे हायवे, सोडून अनेक गावांतून जायला बंदी असते, पोलीस उभे असतात आणि परत पाठवतात, वेळ वाचायच्या ऐवजी जातो. त्या गावातल्या लोकांचाही विचार करा, त्यांना सकाळी दारातून बाहेर पडता येत नाही.

टोलच्या रांगेत उभं राहायचं नसेल तर सगळं आधीच घरी बसून करा. ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे हायवे वापरायचा ठरावीक मुदतीचा पास, वेगळं आणि ब्रेनर, टाउअर्न, स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा कारावांकन बोगदा यांचा टोल त्याच्यावर वेगळा, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांना माहीत नसतं. दोन्ही नंबरप्लेटवर ऑनलाइन घेता येतात. स्लोव्हेनियाचं ई-विन्येट आठवड्याचं मिळतं, स्वित्झर्लंडचं मात्र वर्षाचंच, ४० फ्रँक. अधिकृत साइटवरूनच घ्या, मधले लोक वर पैसे लावतात. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आलाय त्यामुळे सीमेवरच्या जुन्या रांगा राहिल्या नाहीत, पण मधेच तपासणी होते, पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

इतकं करूनही जॅम लागला तर गाड्या हळू झाल्या झाल्या मधे अँब्युलन्सला वाट करून द्या, डावी लेन पूर्ण डावीकडे आणि बाकीच्या सगळ्या उजवीकडे. गाडी थांबायच्या आधीच करायचं असतं ते. जर्मनीत हे न केल्यास किमान २०० युरो दंड, लायसन्सच्या नोंदीत दोन दंडाचे पॉइंट आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. पाणी आणि डबा डिकीत ठेवू नका, पुढे हाताशी ठेवा, आणि टाकी अर्ध्यावर आली की भरा, शक्यतो ऑटोबानवरून खाली उतरून, तिथे पेट्रोल स्वस्त पडतं आणि टॉयलेटची रांगही छोटी असते.

परतीचंही हेच गणित, फक्त दिशा उलटी. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात उत्तरेकडे येणारी गर्दी वाढते. शनिवारी दहाला चेकआउट असेल तर शुक्रवारी दुपारीच सामान भरून ठेवा आणि एका रात्रीचं भाडं सोडून शुक्रवारी संध्याकाळी उशिरा निघून डोंगराच्या अलीकडेच कुठेतरी झोपा, शनिवारी पहाटे पाचला बोगदा पार करा, सकाळी आठपर्यंत मागे रांग लागायला लागते तेव्हा तुम्ही साल्झबुर्गच्या पुढे नाश्ता करत असता.