निसर्गातून घेतलेले आकार आणि नागपूरचे ऊन : संकल्पना मांडताना या चुका टाळा

पान, शिंपला, वारूळ, नदीचे वळण अशा रूपांवरून इमारतीची किंवा उद्यानाची संकल्पना मांडणे ही फार सुंदर गोष्ट आहे, आणि नागपुरातील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य करावी. मात्र अशा बहुतेक संकल्पना एकाच ठिकाणी अडतात. आकार उचलला जातो, पण तो निसर्गात कोणते काम करतो, हे पाहिले जात नाही.

वारुळाचेच घ्या. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथील ईस्टगेट सेंटर ही वास्तुविशारद मिक पिअर्स यांची १९९६ मधील इमारत वारुळावरून सुचलेली आहे, तरी ती वारुळासारखी दिसत नाही. रात्रीची गार हवा आत घेऊन काँक्रीटचे जड भाग थंड करायचे आणि दिवसा त्यांनीच आतील उष्णता शोषून घ्यायची, अशी तिची योजना आहे. ही योजना जशीच्या तशी नागपुरात आणणे ही दुसरी चूक, कारण हरारे सुमारे १,५०० मीटर उंचीवर वसले आहे आणि तेथील रात्री गार असतात, तर आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेलेल्या दिवसानंतर भिंती मध्यरात्रीही तापलेल्याच राहतात. आपला उन्हाळा कोरडा असतो, म्हणूनच येथे घरोघरी कूलर चालतो. तेव्हा आत येणारी हवा सावलीतल्या पाण्यावरून किंवा ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून आणावी, आणि जुलैत हवा दमट झाली की तो मार्ग बंद करून छतालगतचे झरोके उघडता येतील अशी सोय ठेवावी. दिल्लीच्या १९८६ मधील कमळ मंदिराभोवतीची नऊ तळी केवळ शोभेची नाहीत; आत जाणारी हवा गार करण्याचे काम ती करतात.

पाकळ्यांच्या छताचा दोष सहसा पहिल्याच पावसात उघडा पडतो. दोन वक्र पृष्ठभाग जिथे मिळतात तिथे खोबण तयार होते, तिच्यात उन्हाळाभर धूळ आणि कडुनिंबाचा पाला साचतो, पन्हळ तुंबते आणि पाणी सांध्यातून झिरपू लागते. खोबणीला भरपूर उतार द्यावा आणि सफाईसाठी माणूस तिथवर पोहोचेल अशी वाट ठेवावी. प्रत्येक पाकळीची वक्रता वेगळी असेल तर सेंटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी उभारायच्या तात्पुरत्या साच्याचा, खर्चही आवाक्याबाहेर जातो. सिडनी ऑपेरा हाउसची सगळी कवचे एकाच गोलाचे भाग मानल्यावरच ती साच्यांतून तयार करणे शक्य झाले.

बागेत चूक जमिनीखाली असते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेली नागमोडी पाऊलवाट वर्षभरात वरखाली होते, आणि डागडुजी करून पुन्हा फरशी बसवली तरी तेच घडते. तेथील काळी माती काढून मुरूम भरावा, तो थराथराने पाणी मारून दाबावा आणि कडेचे पाणी वाटेखाली मुरू देऊ नये. भिंतीलगत मोठे झाड लावणेही टाळावे, कारण मुळे ओल शोषून घेतात आणि पायाखालची माती आकसते.

नदीसारखे वळण काढण्याआधी पाणी कुठून वाहते हे शोधणे आवश्यक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, ते आठवून तरी समोच्च रेषांचा, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा, नकाशा हाती येईपर्यंत वळणे ठरवू नयेत.

मेच्या अखेरीस दुपारी सूर्य नागपुरात जवळपास डोक्यावर येतो, पण त्रास होतो तो चार वाजताच्या तिरप्या उन्हाचा. पश्चिमेकडील पानाच्या आकाराच्या काचेला आडवे छज्जे पुरत नाहीत. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा करंजासारखे झाड, तेही पुरेसे अंतर राखून, हवे.

संकल्पना पक्की करण्यापूर्वी प्लास्टरचे मॉडेल करून त्यावर तांब्याभर पाणी ओतावे आणि ते कुठे थांबते तिथे खूण करावी. मग तेच मॉडेल दिशा जुळवून दुपारी चार वाजता गच्चीवर ठेवावे आणि कोणत्या बाजूवर सावलीच पडत नाही, ते पाहून रेखाचित्र बदलावे.