काळी अक्षरं लाल होती

माझं पैसे घेऊन काढलेलं पहिलं चित्र परत आलं. आमच्या तालुक्याच्या गावातली कापसाच्या अडतीची जुनी पेढी. आता तिथे शटरची दुकानं आहेत. नातवाने आजोबांसाठी चित्र मागितलं, हाती एकच काळा-पांढरा फोटो. फोटोत भिंती पांढऱ्या, पाटीवरची अक्षरं काळी. मी तसंच रंगवलं. आजोबांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "मास्तर, हे आमची पेढी नोय. भित निळी होती, अक्षरं लाल. काळ्या अक्षराची पाटी कोन लावीन बाप्पा दुकानावर?"

म्हातारा विसरला असेल, असं मला वाटलं. चूक माझीच होती. पूर्वीच्या बऱ्याच काचेच्या प्लेटांवर आणि फिल्मवर निळा रंग चटकन उमटायचा, लाल जवळजवळ उमटायचाच नाही. म्हणून चुन्यात नीळ घालून पोतलेली भिंत पांढरी दिसते, लाल अक्षरं काळी, मंगलोरी कौलं कोळशासारखी. आभाळ कोरं दिसतं तेही त्यामुळेच. तेव्हा जुन्या फोटोंवरून इमारतींची चित्रं काढायच्या या कामात नवीन असाल तर फोटोवरून रेषा घ्या, रंग नाही. रंग म्हाताऱ्या माणसांकडे असतो, नाहीतर भिंतीतच असतो. इमारत उभी असेल तर मालकाला विचारून चौकटीच्या कोपऱ्यात किंवा जुन्या पाटीमागे नखाएवढा रंग खरवडून पाहा. मला एकदा वरच्या ऑइलपेंटखाली काव निघाली, तिच्याखाली निळा चुना.

फोटो शोधायचे कुठे? दुकानाचा फोटो मुद्दाम कोणी काढत नसे. लग्नाचे अल्बम मागा. वरात बाजारातून गेलेली असते आणि नवरदेवाच्या मागे अख्खी ओळ उभी असते. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकट दाराच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलवर घ्या. त्या फोटोत पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर छापतानाच फोटो उलटा झालाय. इमारत आरशातल्यासारखी फिरवून घ्यावी लागेल.

फोटो कधीचा हे पाट्या सांगतात, आणि आपल्या विदर्भात तर फारच छान सांगतात. पत्त्यात 'म. प्र.' म्हणजे मध्य प्रदेश असेल तर ती पाटी १९५० नंतरची. त्याआधी आपण 'सी. पी. अँड बेरार', म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड होतो, १९५६ साली मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. पण व्यापारी पाटी बदलायला कंजूष. त्यामुळे पाटीवरून फोटो कधीच्या आधीचा नाही एवढंच पक्कं कळतं. हॉटेलच्या भावफलकावर 'नवे पैसे' दिसले तर १ एप्रिल १९५७ नंतरचा.

रेखाटनाबद्दल थोडक्यात. शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षेला शिकलेला पर्स्पेक्टिव्ह पुरतो. रस्ता सपाट असेल तर उभ्या माणसांची डोकी साधारण एका ओळीत येतात. फोटो उभ्याने काढलेला असेल तर क्षितिजरेषा तीच धरा. उंचीचा अंदाज दारावरून घ्या.

कागद ३०० जीएसएमच्या खालचा नको. आणि मे महिन्यात दुपारी जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ सलग थर मारायला बसू नका. आमच्याकडे पारा ४५ला टेकला की अर्ध्या आभाळापर्यंत जाईस्तोवर मागचं वाळून कडा पडतात. मी पहाटे बसतो, कागद मागूनही ओला करतो. कूलरसमोर बसायचा शहाणपणा एकदा केला होता, पुन्हा नाही केला.

पैशाचं आधी बोला. अर्धे आगाऊ घ्या आणि कच्चं रेखाटन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय रंगाला हात लावू नका. हे मी त्या परत आलेल्या चित्रानंतर शिकलो.

त्या पेढीचं दुसरं रेखाटन घेऊन गेलो तेव्हा आजोबांनी दुकानाच्या फळ्या बोट ठेवून मोजल्या. अकरा. "बारा होत्या," ते म्हणाले. फोटोत अकराच आहेत, मी दाखवलं. मग त्यांना आठवलं. बारावी फळी दिवसभर ओट्यावर आडवी असायची, दुपारी मुनीमजी तिच्यावर झोपायचे. फोटोत ओट्याची ती बाजू कापली गेली होती. मी कागद तेवढा डावीकडे वाढवला, फळी टाकली. मुनीमजींचं धोतर कसं होतं ते विचारायला परत जायचं आहे.