सीपॅपचा मास्क: पट्टे आवळण्याआधी

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. त्याच्या मास्कमधून हवा सुटायला लागली की हात आपोआप पट्ट्याकडे जातो आणि वेल्क्रो आणखी बोटभर ओढलं जातं. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ, आणि गळती होती तशीच. बहुतेक सिलिकॉन कुशनला आत एक जाड आणि बाहेर एक अगदी पातळ अशा दोन कडा असतात. मशीनची हवा आली की पातळ कड फुगते, चेहऱ्याला टेकते आणि हवा अडवते. पट्टा आवळला की हीच कड चेपते, तिला घडी पडते आणि त्या घडीतून हवा निघते. म्हणून गळती दिसली की आधी पट्टे सैल करायचे.

पण त्याआधी मास्क तुमच्या चेहऱ्याचा आहे का ते पाहा. मुख्य प्रकार तीन: नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारे नेझल पिलो, नाक झाकणारा नेझल मास्क, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. ‘सगळं झाकतो म्हणजे तोच पक्का’ असं वाटून अनेक जण फुल फेस घेतात. त्याची कड सर्वांत लांब, म्हणजे हवा सुटायला जागाही जास्त. शिवाय खालचे पट्टे हनुवटी मागे ढकलू शकतात, आणि बऱ्याच जणांना त्यात प्रेशर जास्त लागतं. तोंड मिटून काही मिनिटं नाकाने सहज श्वास घेता येत असेल, तर नेझलपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. नाक कायम चोंदलेलं असेल तर आधी नाकाचा इलाज करून घ्या. ते जमत नसेल तर फुल फेस.

झुपकेदार मिशी असेल तर पिलो बरे, कारण त्यांची पकड नाकपुडीशी असते. मात्र प्रेशर जास्त असलं की पिलोमुळे नाकपुड्या झोंबतात. चमकी रात्री काढून ठेवावी. कुशनखाली तिच्या बाजूने हवा सुटते आणि सिलिकॉनही फाटतं. कवळी काढून झोपत असाल तर मास्कचं मापही कवळी काढूनच घ्या, गाल आत जातात तेव्हा सगळी बैठक बदलते. अंबाडा किंवा घट्ट वेणी मागच्या पट्ट्याखाली आली की पट्टा रात्रभर वर सरकत राहतो. केस खाली सैल सोडावेत किंवा बाजूला घ्यावेत.

नेझल आणि पिलोचं माप चेहऱ्याच्या आकारावरून नाही, नाकावरून ठरतं. फुल फेसचं माप नाक आणि तोंड दोन्हींवरून. कुशन मोठं असेल तर हवा डोळ्यांकडे जाते. लहान असेल तर कड नाकपुड्यांवरच टेकते आणि त्या दबतात. कंपन्या मापाचा कागदी साचा देतात. तो घरी छापलात तर १०० टक्के आकारात छापा, नाहीतर माप चुकतं.

आता बसवणं. आरशासमोर उभं राहून बसवलेला मास्क पलंगावर बिघडतो, कारण आडवं झालं की गाल आणि जबड्याचं मांस मागे सरकतं. मशीन चालू करा आणि रोजच्या उशीवर, रोजच्या कुशीवर झोपा. रॅम्प, म्हणजे प्रेशर हळूहळू वाढवायची मशीनमधली सोय, तेवढ्यापुरता बंद ठेवा. रॅम्पमध्ये प्रेशर अनेकदा ४ पासून (सेंटीमीटर पाणी हे त्याचं एकक) सुरू होतं. तिथे नीट बसलेला मास्क मध्यरात्री १० किंवा १२ वर फुरफुरू लागतो. काही मशीनमध्ये मास्क फिट तपासायची वेगळी सोय असते, ती वापरा.

पट्टे सगळे सैल ठेवून मास्क चेहऱ्यावर धरा. आधी खालचे दोन्ही पट्टे सारखे ओढा, मग वरचे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. मग मास्क चिमटीत धरून चेहऱ्यापासून सरळ पुढे ओढा आणि हळूच परत टेकू द्या. कड हवेने भरून नव्याने बसते. बऱ्याच गळत्या इथेच थांबतात. उरलेल्यांसाठी जागा पाहा: डोळ्यांकडे हवा येत असेल तर वरचे पट्टे किंवा कपाळाचा टेकू, ओठांकडे येत असेल तर खालचे. एका वेळी एकच पट्टा, तोही अगदी थोडा.

मास्कवरच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा ही गळती नव्हे. तुमचा उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो, त्यांवर चादर किंवा टेप नको. याच कारणाने रुग्णालयातून घरी आलेला छिद्रं नसलेला मास्क सीपॅपला लावू नये. त्याचा नळी जोडायचा वाकडा जोड बहुधा निळा असतो, पण खात्री छिद्रं पाहूनच करा.

सकाळचा लाल ठसा अर्ध्या तासात गेला तर ठीक. त्यानंतरही राहिला, तर पट्टा घट्ट आहे किंवा माप चुकलं आहे. कातडी सोलली असेल तर काही रात्री दुसऱ्या आकाराचा मास्क वापरा, दाब त्याच जागी नको. तोंड कोरडं पडत असेल तर हवा तोंडातून निघते आहे. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी मशीनमधली सोय) वाढवून पाहा, नाक मोकळं करा, मगच हनुवटीच्या पट्ट्याचा किंवा फुल फेसचा विचार करा. मास्कचा प्रकार बदलला की मशीनमधली मास्कची नोंदही बदला.

आपल्याकडे कुशन लवकर खराब होण्याचं एक साधं कारण म्हणजे डोक्याला रात्री लावलेलं तेल. त्याने वेल्क्रोची पकड जाते, पट्टे ताणतात आणि कुशन घसरतं. तेल सकाळी अंघोळीआधी लावा, चेहऱ्याची क्रीम रात्री टाळा. कुशन रोज कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. पट्टे आठवड्यातून एकदा. स्पिरिट किंवा ब्लीच वापरू नका. कड पिवळी, कडक किंवा लुळी झाली की कुशन बदलायचं, नवा मास्क घ्यायची गरज नाही.

मास्कला चुंबकी क्लिप असतील आणि तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा मेंदूतला शंट असेल, तर साध्या क्लिपचा मास्क घ्या. ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही किंवा वारंवार उलट्या होतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुल फेस लावू नये. वीज गेली की फुल फेसची झडप बाहेरची हवा आत घेते, पण तेवढ्यावर रात्र काढू नका. मशीन इन्व्हर्टरवर नसेल तर वीज येईपर्यंत मास्क काढून कुशीवर झोपा.