मुलांना लांबचा नेम शिकवण्यासाठी पहिली .२२ रायफल कशी निवडावी

अमेरिकेत राहणाऱ्या आणि मुलांना रेंजवर नेऊ पाहणाऱ्या आईबाबांसाठी हे लिहितो आहोत.

लांबचा नेम शिकायला .२२ लाँग रायफल हे काडतूस उत्तम, आणि त्याचं कारण म्हणजे त्याची गोळी हळू जाते. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम वजनाची) साधी गोळी सेकंदाला साधारण १०७० फूट वेगाने निघते. ५० यार्डांवर नेम लावून ठेवला, तर १०० यार्डांवर ती सुमारे ७ इंच खाली लागते आणि २०० यार्डांवर चार फुटांहून जास्त खाली. ताशी १० मैलांचा आडवा वारा असेल, तर १०० यार्डांवर ती साडेतीन-चार इंच सरकते. मोठ्या रायफलने हाच धडा घ्यायचा तर कित्येक शे यार्डांची रेंज लागते. इथे तो २०० यार्डांत मिळतो. खांद्याला धक्का जवळजवळ बसत नाही आणि काडतूसही स्वस्त पडतं.

खरेदीआधी कायदा पाहा. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. वैध शिकारी परवाना हा यातला मुख्य अपवाद. रेंजवर भाड्याने घेतलेली रायफल हातात धरणंही बाळगण्यातच मोडतं, हे अनेकांना माहीत नसतं. ग्रीनकार्डधारक आणि नागरिकांना ही अडचण नाही. घरात लहान मूल असताना बंदूक कशी ठेवावी याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, ते आपल्या राज्याचे वाचून घ्या.

दस्त्याची लांबी

बहुतेक चुका इथे होतात. "मूल वाढेलच की" म्हणून मोठ्या माणसाची रायफल घेतली जाते. पण तिच्या चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेतेरा-चौदा इंच अंतर असतं, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाला साधारण ११ ते १२ इंच लागतात. कोपर काटकोनात वाकवून आतल्या वळणापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत टेप लावा, अंदाज येतो. दस्ता लांब असला की मूल पाठीमागे कलतं, पोट पुढे काढतं, मान ताणून स्कोपपर्यंत डोळा नेतं आणि चापावर बोटाचं जेमतेम टोक पोचतं. दहा गोळ्यांत मान दुखायला लागते, आणि मग नेम चुकल्याचा दोष मुलावर येतो.

म्हणून मापाप्रमाणे वाढवता येणारा दस्ता घ्या. काही दस्त्यांत मागची रबरी गादी दोन स्क्रूंनी सुटते आणि मध्ये चकत्या घालता येतात. काहींत बटण दाबून दस्ता पुढेमागे सरकतो. रूगर प्रिसिजन रिमफायरचा दस्ता १२ ते साडेपंधरा इंचांपर्यंत सरकतो, म्हणजे ती कॉलेजपर्यंत पुरेल. पण तिचं वजन तीन किलोच्या वर आहे. जमिनीवर झोपून, बायपॉडवर (नळीखालच्या दोन पायांच्या टेकूवर) टेकवून मारायचं असेल तर या वजनाचा फायदाच होतो, रायफल हलत नाही. उभ्याने धरायची असेल, तर लहान मुलाच्या हातात ती पाच मिनिटांत जड होईल.

सात-आठ वर्षांच्या मुलासाठी सॅव्हेज रास्कल पाहा. ती एकच काडतूस घेते, वजनाला दीड किलोच्याही आत आहे आणि दस्ता सव्वाअकरा इंचांचा आहे. मात्र २०० यार्डांसाठी ती फारच हलकी पडते. आमच्या मते मधला सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे चेक बनावटीची सीझेड ४५७ स्काउट. तिचा दस्ता १२ इंचांचा, नळी साडेसोळा इंचांची, आणि चाप ओढायला लागणारा जोर कमी-जास्त करता येतो. मूल वाढलं की त्याच यंत्रणेला मोठा दस्ता बसवता येतो. आखूड नळीची चिंता नको, या काडतुसातली दारू साधारण १६ इंचांतच जळून जाते.

रायफल बोल्टचीच घ्या, म्हणजे दर वेळी हाताने खिट्टी ओढून काडतूस भरायची. आपोआप भरणारी रायफल मुलाला भरभर चाप ओढायची सवय लावते. दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायला लागला, की तेवढ्यात श्वास जागेवर येतो आणि आधीची गोळी कुठे गेली हेही पाहून होतं.

घेण्याआधी डोळाही तपासा. दोन्ही तळव्यांच्या मध्ये छोटी खिडकी करून मुलाला दूरची वस्तू पाहू द्या आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायला सांगा. खिडकी ज्या डोळ्यासमोर येईल तो प्रबळ डोळा. तो डावा निघाला तर डावखुऱ्या बोल्टची रायफल विचारा, सॅव्हेज आणि सीझेड दोघांकडे मिळते.

स्कोप आणि काडतूस

रायफलवर वाचलेले पैसे इथे घाला. मोठ्या रायफलच्या अनेक स्कोपांचं पॅरॅलॅक्स (कोणत्या अंतरावर डोळा हलला तरी नेम हलताना दिसत नाही, ती जुळणी) १०० किंवा १५० यार्डांवर पक्कं बसवलेलं असतं. २५ यार्डांवर त्यातून पाहिलं आणि डोळा जरा हलला, की स्कोपमधल्या फुलीच्या रेषा लक्ष्यावरून सरकताना दिसतात. पॅरॅलॅक्स २५ यार्ड किंवा त्याहून जवळ आणता येणारा स्कोप घ्या. ५० यार्डांच्या नेमावरून २०० यार्डांवर जायला स्कोपचा नेम सुमारे २५ एमओए वर चढवावा लागतो (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच). काही स्कोपांत तेवढी जागा नसते, म्हणून त्याखाली २० एमओए उताराची पट्टी बसवतात. रूगर प्रिसिजनवर ३० एमओएची पट्टी आधीच असते.

काडतूस घेताना "हाय व्हेलॉसिटी" लिहिलेला डबा मागे ठेवा. ती गोळी आवाजापेक्षा वेगाने निघते, वाटेत वेग झपाट्याने गमावते आणि १०० यार्डांवर वाऱ्याने संथ गोळीपेक्षा जास्त सरकते. ऐकायला उलटं वाटतं, पण कागदावर भोकं मोजलीत की पटेल. सीसीआय स्टँडर्ड, एसके स्टँडर्ड प्लस अशी दोन-चार प्रकारची एकेक डबी आणा. प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्यांचे पाच गट ५० यार्डांवर, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, मोठ्यांनीच मारा. काडतूस बदललं की पहिल्या दहा गोळ्या मोजू नका, नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं. सगळ्यात घट्ट गट देणारी जात ठरली, की त्याच लॉट नंबरचे (कारखान्यातल्या एकाच खेपेचे) जमतील तितके डबे घ्या. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ३० फुटांचा फरक पडला, तरी २०० यार्डांवर त्या सुमारे ३ इंच वर-खाली लागतात. मूल बिचारं तेव्हा स्वतःची चूक शोधत बसतं.

रेंजवर

मुलांच्या डोक्यावर मोठे कानटोप नीट बसत नाहीत. वाटी दस्त्यावर आपटते आणि गाल दस्त्यावरून उचलला जातो. आधी कानात फोमचे बोळे घाला, वर पातळ वाटीचा टोप. गाल तरीही अधांतरी राहत असेल, तर दस्त्यावर फोमची पट्टी गुंडाळा. चष्मा हवाच. गोळीत शिसं असतं, म्हणून खाण्याआधी थंड पाण्याने साबण लावून हात धुवा.

.२२ सारखं रिमफायर काडतूस (ज्याची पेटवणारी दारू बुडाच्या कडेत असते) कधीकधी पेटत नाही. चाप ओढला आणि आवाज आला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं आणि मगच बोल्ट उघडायचा, हे पहिल्याच दिवशी मुलाकडून तोंडपाठ करून घ्या. ही "छोटी" गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, तेव्हा लक्ष्यामागे मातीचा बांध असल्याशिवाय एकही गोळी नको. घरी रायफल आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवा, किल्ली मुलाला सापडणार नाही अशी. भारतात जाताना रेंजवर वापरलेली बॅग नेऊ नका. अस्तरात अडकलेलं एक काडतूस विमानतळावर मोठी भानगड करतं.

सुरुवात २५ यार्डांवर करा, एका वेळी एकच काडतूस हातात देऊन. पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत सातत्याने बसायला लागल्या, की ५०, मग १००. तिथे वाऱ्याची झेंडी लावा आणि गोळी मारण्याआधी मुलाला विचारा, "किती सरकेल?" त्याचं उत्तर वहीत लिहा, शेजारी प्रत्यक्ष भोकाचं अंतर. एनआरएल २२ या .२२ रायफलच्या नेमबाजी स्पर्धेचे मासिक सामने १०० यार्डांपर्यंतच असतात आणि त्यात मुलांचा वेगळा गट असतो. वहीची दहाबारा पानं भरली, की एखाद्या सामन्याला नाव घाला.