‘अक्रू’ (accrue) हा शब्द डोक्यात कसा बसवायचा

बँकेतली माझी पहिली मार्चअखेर. एफडीच्या व्याजापुढे मी ऐटीत ‘अकम्युलेटेड’ लिहिलं. साहेबांनी लाल पेनाने खोडलं आणि वर लिहिलं, ‘अक्रूड’. “अहो, व्याज काय कुणी घमेल्याने आणून ओतलंय?”

पाठांतर करू नका, आधी मूळ धरा. लॅटिनमध्ये ‘क्रेस्केरे’ म्हणजे वाढणं. त्यावरून ‘अक्रेस्केरे’, आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येईतो ‘अक्रू’. क्रेसेंट, म्हणजे चंद्रकोर, त्याच मुळाची; मुळात वाढत्या चंद्राची कोर. शिवरायांच्या राजमुद्रेतलं ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः’ आठवा. तो ‘वर्धिष्णु’ म्हणजे अक्रू! जहाजावरचा क्रूही याच भावकीतला. मूळ अर्थ सैन्याला आलेली कुमक.

‘अकम्युलेट’चं कूळ निराळं. ‘क्युम्युलस’ म्हणजे रास. १८०२ साली लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड यांनी ढगांना नावं दिली (ठेवली नाहीत), तेव्हा कापसाच्या ढिगासारख्या ढगाला हेच नाव मिळालं.

आता वापर. लाखाची ठेव, ७ टक्के सरळ व्याज. रोजचे साधारण १९ रुपये १८ पैसे. १ जानेवारीला ठेवली, तर लीप वर्ष नसताना ३१ मार्चपर्यंतच्या ९० दिवसांचे झाले १,७२६ रुपये. खात्यात दमडी आलेली नाही, पण तुमचा हक्क तयार झाला. हे अक्रू होणं. मर्यादेवर व्याज गेलं की पैसे हातात पडायच्या आधीच टीडीएस कापतात, तो यामुळेच. काउंटरवर यावरून मी किती बोलणी खाल्ली असतील!

वाक्यात घालताना आधी विचारा: नुसता काळ गेल्याने किंवा हक्काने भर पडतेय का? मग अक्रू. धूळ, रद्दी, कर्ज साचलंय? मग अकम्युलेट. शब्दयोगीही बघून घ्या: व्याज ठेवी‘ऑन’ अक्रू होतं, फायदा खातेदारा‘टू’ अक्रू होतो. स्पेलिंगमध्ये सी दोन, आणि शेवटचा ई गिळू नका.

दोन्ही शब्द एकाच ठिकाणी हवेत तर आमची पीएल (प्रिव्हिलेज लीव्ह, म्हणजे हक्काची पगारी रजा) घ्या. अकरा दिवस ड्यूटी केली की एक दिवस अक्रू. ती न घेता साठवत गेलात की अकम्युलेट. माझी भरपूर साठली होती. बायकोला अजून त्याचा राग आहे.