जहाजाचं डिझाइन शिकायचंय? साकोलीच्या हौदापासून सुरुवात करा

मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडची. मालवाहू जहाजांचं डिझाइन आणि जुन्या जहाजांचं रूपांतर हे माझं काम. गावी आले की बारावीची पोट्टी घरी येतात आणि पहिला प्रश्न हमखास ठरलेला: "ताई, मर्चंट नेव्हीत कसं जायचं?" तो रस्ता वेगळा. मरीन इंजिनीअर जहाजावर राहून इंजिन सांभाळतो. नेव्हल आर्किटेक्ट जहाजाचा आकार, पोलाद, वजन आणि तोल ठरवतो. त्याचं बहुतेक काम किनाऱ्यावर, डिझाइन ऑफिसात नाहीतर यार्डात चालतं.

या कामाचा सगळा पाया एका हिशेबावर आहे: कशाचं वजन किती आणि ते कुठे आहे. धानाचे भारे उंच रचलेली बंडी बांधावरून जाताना का कलंडते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. ते आकड्यात मांडायला शिका. त्यासाठी कॉलेज लागत नाही, जनावरांचा हौद पुरतो.

तेलाचा पंधरा किलोचा पिपा पत्र्याच्या दुकानात उभा चिरून अर्धा करून घ्या आणि कडा दुमडून घ्या, नाहीतर हात कापेल. तळाला विटेचे तुकडे घट्ट बसवा. मधोमध उभी काठी बांधा, तिला दोऱ्याने लोखंडी नट लटकवा. दोरा २० सेंमीचा. नटाच्या मागे मोजपट्टी आडवी चिकटवा. मध्यभागी २०० ग्रॅमचं वजन ठेवा आणि हे सगळं किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. समजा ४ किलो भरलं. वारा पडलेला असताना पिपा हौदात सोडा आणि ते २०० ग्रॅमचं वजन १० सेंमी बाजूला सरकवा. पिपा किंचित झुकेल. नट पट्टीवर दीड सेंमी सरकला, तर १.५ भागिले २० म्हणजे ०.०७५. आता २०० गुणिले १० म्हणजे २०००; त्याला ४००० गुणिले ०.०७५ ने, म्हणजे ३०० ने भागा. उत्तर साधारण ६.७ सेंमी. हा तुमच्या पिप्याचा जीएम, म्हणजे गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरपर्यंतची उंची. (जहाज किंचित झुकल्यावर पाण्याच्या वर ढकलणाऱ्या जोराची रेषा जहाजाच्या मधल्या उभ्या रेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर.) तो जितका मोठा, तितकं जहाज झुकल्यावर जोरात सरळ होतं. आता एक वीट तळातून काढून वर उंचावर बांधा आणि पुन्हा मोजा. आकडा उतरलेला दिसेल.

मग पिप्यात तांब्याभर पाणी ओता. वजन तर तळाशीच वाढलं, तरी पिपा आधीपेक्षा कितीतरी जास्त झुकतो, कारण मोकळं पाणी झुकत्या बाजूला धावतं. हे डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढे टाक्यांचा हिशेब कधी हलक्यात घेत नाही.

खऱ्या जहाजावरची इनक्लाइनिंग टेस्ट हीच असते. क्रेनने डेकवर वजनं हलवतात. लंबकाचं वजन तेलाच्या नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात, म्हणजे ते डोलत नाही. टाक्या शक्यतो काठोकाठ भरलेल्या नाहीतर कोरड्या ठेवतात, जहाज धक्क्याला बांधलेले दोर सैल सोडतात, माणसं नेमून दिलेल्या जागी थांबतात. मालवाहू जहाजासाठी आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जीएम निदान ०.१५ मीटर हवा. त्याखेरीज तोलाच्या इतरही अटी आहेत, पण तो पुढचा अभ्यास.

रूपांतराचं काम आलं की जुनी ड्रॉइंग्ज मिळतात. ती वाचा, पण त्यांच्यावर विसंबू नका. वर्षानुवर्षं जहाजावर रंगाचे थर चढतात, कुठे ब्रॅकेट म्हणजे पोलादी आधार जोडलेला असतो, बॅलास्ट टाकीत, म्हणजे तोलासाठी पाणी भरायच्या टाकीत, गाळ साचतो. टेप घेऊन फ्रेममधलं, म्हणजे जहाजाच्या पोलादी बरगड्यांमधलं, अंतर स्वतः मोजा. पत्र्याची उरलेली जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासलेली असते, तो अहवाल मागून घ्या. रिकाम्या जहाजाचं वजन २ टक्क्यांहून जास्त बदलणार असेल, किंवा लांबीच्या दिशेने गुरुत्वमध्य जहाजाच्या लांबीच्या १ टक्क्याहून जास्त सरकणार असेल, तर इनक्लाइनिंग पुन्हा करावंच लागतं.

प्रत्येक बदलाची दुखरी जागा वेगळी. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.५० टक्के झाली, म्हणून कित्येक जहाजांवर स्क्रबर, म्हणजे धुरातलं गंधक धुऊन काढणारी यंत्रं, बसले. ते चिमणीपाशी उंचावर बसतात, म्हणजे गुरुत्वमध्य वर जातो. जहाज मधोमध कापून नवा तुकडा जोडला की लाटेवर वाकवणारा ताण वाढतो आणि डेकचं पोलाद जाड करावं लागतं. सगळ्यात सावध राहायचं ते मालाचा प्रकार बदलताना. 'स्टेलर डेझी' १९९३ साली तेलवाहू म्हणून बांधलं गेलं आणि पुढे त्याचं खनिजवाहू जहाजात रूपांतर झालं. ३१ मार्च २०१७ रोजी ते लोहखनिज घेऊन दक्षिण अटलांटिकमध्ये बुडालं. २४ जणांपैकी दोघेच वाचले. लोहखनिज तेलापेक्षा कितीतरी जड. थोड्या जागेत मोठा भार येतो आणि जुन्या पोलादावरचा ताण वेगळ्या ठिकाणी पडतो. रूपांतराच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाला या जहाजाचं नाव पाठ असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. बारावीला गणित, भौतिक, रसायन हवं. जेईई ॲडव्हान्स्डमधून आयआयटी खरगपूर किंवा मद्रास. कोचीनच्या कुसॅट विद्यापीठाची स्वतःची परीक्षा. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम कॅम्पससाठी आयएमयू सीईटी. घरच्यांना लांबची भीती वाटत असेल तर सांगा, विशाखापट्टणमची समता एक्सप्रेस गोंदियाला थांबते. "पैसे द्या, सीट देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. शिक्षणानंतर शिपयार्ड, डिझाइन ऑफिस किंवा क्लासिफिकेशन सोसायटी (जहाजबांधणीचे नियम ठरवून जहाजं तपासणारी संस्था) अशा वाटा आहेत. त्यातली आपली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग मुंबईत पवईला आहे.

यार्डात पहिल्या ट्रेनिंगला गेलात की ड्रायडॉकमधल्या, म्हणजे पाणी काढून कोरड्या केलेल्या गोदीतल्या, जहाजावर वजनाच्या नोंदीचं काम मागून घ्या. ते कंटाळवाणं म्हणून कोणी घेत नाही, आणि सगळं शिकायला तिथेच मिळतं. फक्त टाकीत कधीच एकट्याने उतरू नका. बंद टाकीत लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन संपतो आणि अशा हवेला ना वास येतो ना रंग दिसतो. हवा कधी तपासली ते टाकीत उतरायच्या परवान्यावर वाचा, तोंडाशी एक माणूस उभा आहे का ते बघा, मगच शिडीला हात लावा.